पंधरा ठिपके

आठवीच्या गणिताच्या बाई वर्गात आल्या की पहिली पाच मिनिटं कुणी वही उघडायची नाही, असा त्यांचा नियम होता. आधी प्रश्न, मग वही. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ज्याचा पाय लांब, त्याची उंची जास्त. खरं की खोटं?"

वर्गात एक मुलगा होता, सगळे त्याला वकील म्हणत. समोरच्याच्या बोलण्यावर हरकत घेतल्याशिवाय त्याला डबा पचत नसे. तो लगेच उभा राहिला. "खोटं. माझ्या काकांचा पाय होडीएवढा आहे आणि ते माझ्या कानापर्यंतच येतात."

"बरं. काका वेगळे पडले. पण बाकीच्यांचं काय? एका काकावरून सगळ्या गावाचा निकाल लावायचा का?"

मग मोजपट्टी फिरली. चौतीस मुलांचे पाय, चौतीस मुलांची उंची. प्रत्येकानं फळ्यावर जाऊन खडूनं आपापला ठिपका काढला. आडव्या अक्षावर पाय, उभ्या अक्षावर उंची. तास संपेपर्यंत फळ्यावर ठिपक्यांचा एक पट्टा तयार झाला होता, डावीकडून उजवीकडे चढत जाणारा. बाईंनी पर्समधून काळा दोरा काढला, दोन मुलांना दोन टोकं धरायला लावली आणि सांगितलं, "ठिपक्यांच्या मधोमध धरा. साधारण निम्मे वर, निम्मे खाली. ही कलरेषा. ठिपके आधी येतात, रेषा त्यांच्या मागून. कुणाला खूश करायला दोरा हलवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी हजेरीचा क्रमांक आणि घरापासून शाळेचं अंतर. या वेळी ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे फळाभर पसरले. दोरा आडवा धरला, उभा धरला, तिरका धरला. वकील म्हणाला, "बाई, हा दोरा कुठंही धरला तरी खोटाच बोलतोय."

"मग अशा वेळी काय म्हणायचं?"

मागच्या बाकावरून बारीक आवाज आला. "संबंध नाही, असं म्हणायचं."

ती मुंगी. अक्षर इतकं बारीक की एका ओळीत दोन ओळी मावतील, म्हणून हे नाव. स्वतःहून ती क्वचितच बोलायची. वडील मालाचा ट्रक चालवायचे, आई एका कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची. धाकट्या भावाला उठवून, खायला घालून, शेजारी सोपवून मुंगी शाळेत यायची. बाईंना ती मनापासून आवडायची, पण त्यांनी कधी तसं दाखवलं नव्हतं.

शाळेच्या उपमुख्याध्यापिका म्हणजे बाईंची सख्खी मोठी बहीण, अक्का. सहा वर्षांनी मोठी. बाई लहान असताना गणित म्हटलं की रडायच्या. अक्कानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून, डाळीचे दाणे मांडून त्यांना अपूर्णांक शिकवले होते. बाईंनी गणित घेतलं ते अक्कामुळे, या शाळेत आल्या त्याही अक्कानं सुचवलं म्हणून. शिक्षकांच्या खोलीत त्या अक्काला 'मॅडम' म्हणत आणि दार लोटलं की 'अक्का'.

त्या वर्षी अक्कानं सकाळी सात वाजताचा जादा तास सुरू केला होता. यायची सक्ती नव्हती, पण न येणाऱ्याकडे अक्का अशी बघायची की त्यापेक्षा सक्ती परवडली असती. मुख्याध्यापक चार महिन्यांत निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी अक्काचं नाव चर्चेत होतं.

पायांच्या आलेखाची गोष्ट बाईंनी तिला कौतुकानं सांगितली, तेव्हा अक्का म्हणाली, "मग माझ्या सकाळच्या तासाचाच काढ की आलेख. कोण किती दिवस आलं आणि गुण किती वाढले. पोरांना खरं काहीतरी मिळेल हाताळायला."

"आणि वेगळंच काही निघालं तर?"

"जे निघेल ते भिंतीवर लावू. मी काय आकड्यांना घाबरते?"

बाईंना हे बोलणं इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं सांगितलं.

दोन आठवडे आठवी त्या कामात बुडून गेली. आडव्या अक्षावर जादा तासाच्या चाळीस दिवसांपैकी हजर दिवस. उभ्या अक्षावर पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या गुणांतला फरक. वाढले तर शून्याच्या वर, घटले तर खाली. बाईंनी घोटीव पुठ्ठ्याचा मोठा तक्ता आणला. ठिपके मुलांनी रंगीत कागदातून पंचिंग मशीननं पाडले. प्रत्येकानं आपल्या ठिपक्यावर पेन्सिलीनं हजेरी क्रमांक घातला आणि स्वतःच्या हातानं डिंक लावून चिकटवला. वकील दोनच दिवस आला होता आणि त्याचे नऊ गुण वाढले होते. तो वर डाव्या कोपऱ्यात राजासारखा बसला. मुंगी चाळीसच्या चाळीस दिवस आली होती आणि तिचे अकरा गुण घटले होते. आपला ठिपका अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, एकटाच जाणार, हे तिला कळलं. ती जरा थांबली. मग तिनं पट्टीनं दोनदा मोजून तो बरोबर जागेवर लावला आणि बोटानं दाबून धरला.

"लाज वाटायचं कारण नाही," बाई तिला हळूच म्हणाल्या. "हा ठिपका नसेल तर आलेख खोटा होईल."

मुंगीनं मान हलवली.

सगळे ठिपके लागल्यावर दोरा धरला. तो जवळजवळ आडवाच बसला. पोरं हिरमुसली. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं.

"चुकलं काही नाही," बाई म्हणाल्या. "छत्र्या उघडल्या की रस्ते ओले असतात. म्हणून छत्र्यांमुळे रस्ते ओले होतात का? नाही. इथे तर तेवढाही मेळ दिसत नाही. नुसतं सातला येण्यानं गुण वाढत नाहीत, एवढंच आपल्या वर्गापुरतं कळलं. का वाढत नाहीत, ते पुढे शोधता येईल."

"झोप," मुंगी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले, तशी ती वहीत बघू लागली. "पुढच्या वेळी झोपेचे तास घ्यायचे."

बाईंना त्या क्षणी वाटलं, वीस वर्षं शिकवल्याचं सार्थक झालं.

अक्कानं तक्ता मागून घेतला. "पालकसभेत लावते. खाली तुझं नाव घालते, मार्गदर्शक म्हणून. शाळेच्या मंडळाची माणसं येणार आहेत, बघू देत जरा." बाईंनी स्वतः तो गुंडाळून तिच्या खोलीत नेऊन दिला.

पालकसभा शनिवारी दुपारी होती. सभागृहात दीडशे खुर्च्या, पुढे मंडळाचे तीन सदस्य, बाजूला स्टँडवर तक्ता. आठवीतल्या चार मुलांना तक्त्याशेजारी उभं राहून माहिती द्यायला बोलावलं होतं. त्यांत वकील होता आणि मुंगीही. बाई पेपरांचा गठ्ठा ठेवून यायच्या नादात जरा उशिरा आल्या आणि मागच्या दाराशी उभ्या राहिल्या.

अक्का बोलत होती. तिचं बोलणं नेहमीच छान असायचं. "आकडे मी काढलेले नाहीत. मुलांनी स्वतः काढलेत. आणि रेषा काय सांगते, ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. काळा दोरा नव्हता. त्याच्या जागी लाल चिकटपट्टीची जाड रेषा होती, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जिन्यासारखी चढत गेलेली. ठिपके तिच्या दोन्ही बाजूंना शिस्तीत बसलेले. त्यांना आधी वाटलं, हा दुसराच तक्ता आहे. बाई बाजूच्या भिंतीला धरून पुढे सरकल्या. जवळ गेल्यावर दिसलं. तक्ता तोच होता. ठिकठिकाणी पुठ्ठ्याची घोटीव साल निघून आतला पांढरा भाग उघडा पडला होता. ब्लेडनं खरवडल्याच्या खुणा होत्या. वरचा डावा कोपरा रिकामा. खालचा उजवा कोपरा रिकामा.

मुंगी तक्त्याशेजारी उभी होती. तिची नजर त्या खालच्या कोपऱ्यावर होती.

"म्हणून पुढच्या सत्रापासून सकाळचा तास सर्वांना सक्तीचा करावा, असा माझा प्रस्ताव आहे," अक्का म्हणाली.

तिसऱ्या रांगेतून एक पालक उठल्या. वकिलाची आई. रुग्णालयात परिचारिका होत्या, तापाचे तक्ते बघण्यात जन्म गेलेला. "एक विचारू का? वर्गात चौतीस मुलं आहेत ना? मी मोजले, हे एकोणीसच ठिपके आहेत."

अक्काच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिनं हसून मागे पाहिलं, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीकडे हात केला.

"हा प्रकल्प माझ्या बहिणीचा आहे. तिचं नाव खाली आहेच. ज्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या, ते ठिपके तिनं वगळलेत. हो ना गं?"

दीडशे माणसं वळली. इतक्या लोकांत अक्का बाईंना 'गं' म्हणाली होती, घरच्यासारखं. चाळीस वर्षं त्या आवाजाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. आपण काय करतोय ते कळायच्या आत त्यांची मान खाली-वर झाली.

"हो," त्या म्हणाल्या.

परिचारिका खाली बसल्या. हात वर झाले, प्रस्ताव मंजूर झाला. टाळ्या चालू असताना बाईंनी मुंगीकडे पाहिलं. मुंगी त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाई अशा आहेत हे आपल्याला आधी कसं कळलं नाही, असा काहीसा भाव होता, आणि तो बाईंना रागापेक्षा जड गेला.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई त्यांच्याकडेच राहायची. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्कानं केलं असेल तर काहीतरी विचार करूनच केलं असेल. तुझं वाईट चिंतेल का ती?"

"आई, तिनं माझ्या नावावर खोटं खपवलं. भर सभेत."

"बहिणी-बहिणींत धरून बसायचं नसतं."

आईनं बाईंपुढे ताट ठेवलं, त्यांनी ते तसंच झाकून ठेवलं. रविवारभर त्या स्वतःलाच विचारत होत्या की जास्त काय लागलं, अक्कानं ठिपके खरवडले ते, की आपण मान हलवणारच याची तिला इतकी खात्री होती ते.

सोमवारी आठवीत त्या शिरल्या तेव्हा कुणी वही उघडली नव्हती, पण कुणी प्रश्नाची वाटही बघत नव्हतं. पोरं खिडकीबाहेर, फळ्याकडे, कुठंतरी बघत होती.

मुंगी उभी राहिली. "बाई, माझी नोंद अपुरी नव्हती."

"माहीत आहे."

"चाळीसपैकी चाळीस दिवस आले होते मी."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

वकिलानंही या वेळी हरकत घेतली नाही. तो बाकाकडे बघत होता. बाईंनी खुर्ची ओढली, पण त्या बसल्या नाहीत.

"ठिपके मी काढले नाहीत. कुणी काढले ते मी आधी त्यांनाच विचारणार आहे, म्हणून तुम्हाला सांगत नाही. पण हो मी म्हणाले. ते खोटं होतं. घाबरले म्हणून म्हणाले, आणि सवयीनं म्हणाले. तुमचं काम होतं, आणि मी ते वाऱ्यावर सोडलं. मी तुमची माफी मागते."

मुंगी खाली बसली. ती समाधानानं बसली नाही, एवढं बाईंना कळलं.

मधल्या सुट्टीत त्या अक्काच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. अक्का वेळापत्रकावर वाकली होती.

"ये. मला वाटलंच येशील. बस."

"ब्लेडनं खरवडलेस तू?"

"मग काय करणार होते? तुझी पोरं डिंक असा लावतात, जसं काही घर बांधतायत." अक्का हसली. बाई हसल्या नाहीत, तशी तिनं पेन खाली ठेवलं. "हे बघ, आडवी रेषा घेऊन कुणी सभेत जातं का? लोकांना चढ दिसावा लागतो. तास चांगला आहे, मला माहीत आहे. चार पोरांनी अभ्यास केला नाही म्हणून तास वाईट ठरत नाही."

"चार नाही. पंधरा. आणि मुंगीनं अभ्यास केला नाही, असं म्हणतेस? ती पाचला उठते."

"कोण मुंगी?"

बाईंना त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसंच वाटलं नाही. "ठिपके आधी, रेषा मागून, हे मला कुणी शिकवलं अक्का? तूच ना?"

"तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. बारा वर्षांच्या मुलीला जे शिकवतात, त्यावर शाळा चालत नाही."

"ठीक. तुझ्या तासासाठी तू काय केलंस, ते तुझं तुझ्यापाशी. पण माझं नाव का पुढे केलंस? तुझ्या अंगावर आलं होतं ते."

अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कारण तू सांभाळून घेशील, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाकडे मी हात केला नसता."

तिला हे कौतुक वाटत होतं. सगळ्या आयुष्यात जो विश्वास बाईंना अक्काची माया वाटत आला, तो हा होता.

"मी पालकांना खरं कळवणार आहे," त्या म्हणाल्या.

"माझी नेमणूक व्हायची आहे पुढच्या महिन्यात. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग आईला तूच सांग," अक्का म्हणाली आणि पुन्हा वेळापत्रकावर वाकली.

आठवीनं दोन दिवसांत नवा आलेख काढला, या वेळी साध्या आलेख कागदावर. चौतीस ठिपके, चौतीस क्रमांक, आडवी कलरेषा. बाईंनी त्याच्या चौतीस प्रती काढल्या आणि प्रत्येकीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'पालकसभेतल्या तक्त्यावर पंधरा मुलांच्या नोंदी नव्हत्या. त्या अपुऱ्या होत्या असं मी सांगितलं, ते खरं नव्हतं. पूर्ण आलेख सोबत आहे.' अक्काचं नाव त्यांनी कुठेच लिहिलं नाही. लिहायची गरजही पडली नाही. परिचारिकाबाईंनी जुना तक्ता बघायला मागितला, आणि तो अक्काच्या खोलीत सापडेना तेव्हा जे समजायचं ते सगळे समजले.

पुढच्या सभेत सक्तीचा ठराव मागे घेतला गेला. मंडळानं बोभाटा होऊ दिला नाही. मुख्याध्यापकपदी बाहेरून एक गृहस्थ आले. अक्कानं उपमुख्याध्यापिका म्हणून जे शेवटचं वेळापत्रक लावलं, त्यात बाईंची आठवी काढून त्यांना पाचवीच्या दोन तुकड्या दिल्या होत्या. वर्षअखेरीला ती दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन गेली. शिक्षकांच्या खोलीत तिला निरोप दिला, तेव्हा बाई पेपर तपासत राहिल्या.

आईनं दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. अक्का आईला भेटायला यायची ती बाई शाळेत असताना.

आणि मुंगी. बाईंकडे आठवी होती तोवर ती पहिल्यासारखीच बारीक अक्षरात नीटनेटकं लिहीत राहिली. सातच्या तासाला तिनं जाणं सोडलं आणि तिचे गुण हळूहळू वर आले. फक्त एक बदल झाला. तपासलेला पेपर हातात आला की ती बाईंच्या टेबलाशी उभी राहायची आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण बोटानं मोजत बेरीज पुन्हा करायची. जुळली की 'बरोबर आहे' म्हणून जागेवर जायची. बाईंनी तिला कधी अडवलं नाही. तसं करणं योग्यच होतं, पण दर वेळी त्यांची नजर खाली जायची.

पुढच्या वर्षी एका सकाळी, पाचवीचा तास सुरू व्हायच्या आधी, अक्काचा फोन आला. आवाज अगदी पूर्वीसारखा, मोकळा.

"अगं, आमच्याकडे आठवीला आलेख सुरू करतोय. शिक्षक नवीन आहे, पुस्तक वाचून दाखवतो नुसतं. तुझी ती पायांच्या मापांची टिपणं आहेत ना? पाठवून दे. तुझ्यासारखं कुणाला शिकवता येत नाही बघ."

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. खाली मैदानात पोरं रांगा लावत होती. टिपणं कपाटात होती, हात लांबवला की मिळतील अशी.

"नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? सापडत नाहीत का?"

"आहेत. पण देणार नाही."

बाईंना वाटलं, आता ती रागावेल, निदान कारण विचारेल. त्यांची तयारी होती. कारण सांगायला त्यांना आवडलंही असतं.

"आईची गुडघेदुखी कशी आहे?" अक्कानं विचारलं.

"बरी आहे."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. घंटा झाली, आणि बाई हजेरीपट उचलून पाचवीच्या वर्गात गेल्या.